विचारा, सांगते : गाळा कुणाचा, भाडं कुणाला?

गेल्या अंकात मी आमच्या सिनसिनाटीच्या फिंडले मार्केटबद्दल लिहिलं आणि संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच पाठवून दिला. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ओव्हर-द-ऱ्हाइन नावाच्या जुन्या वस्तीत एक सार्वजनिक बाजार आहे. जागा शहराची, पण कारभार एका ना-नफा संस्थेकडे. खाटीक, भाजीवाले, मसालेवाले, पाववाले आणि नव्याने धंद्यात उतरलेले छोटे लोक, सगळे एका छताखाली. मी मूळची साताऱ्याची. इथे छोट्या धंद्यांचे हिशेब लिहिण्याचं काम करते आणि माझी बरीच अशिलं या बाजारातली किंवा त्याच्या आसपासची आहेत. तेव्हा माझं सगळं बोलणं खतावणीच्या बाजूने येणार, हे गृहीत धरा.

प्रश्न : मालकी महापालिकेची आणि चालवायला संस्था, हे प्रकरण मला कळलं नाही. पालिकेला जमत नव्हतं का? आणि ना-नफा म्हणजे पैसा येतो कुठून? (पालिकेतून निवृत्त झालेले एक वाचक, पुणे)

तुम्ही पालिकेत होतात, म्हणजे उत्तर तुम्हाला अर्धं ठाऊक असणारच. जमत होतं, पण बाजार ही पालिकेच्या शंभर कामांतली एक बाब होती. फिंडले मार्केटचं काम १८५२ साली सुरू झालं, बाजार भरू लागला १८५५ मध्ये. लोखंडी सांगाड्याची इमारत, अमेरिकेत त्या काळी असं बांधकाम फार कुणी करत नसे. एके काळी सिनसिनाटीत असे नऊ सार्वजनिक बाजार होते. आज हा एकच उरलाय. मनोऱ्यातली घंटासुद्धा पर्ल स्ट्रीटच्या बाजारातली, तो १९३४ मध्ये पाडला तेव्हा इकडे आणलेली.

शहराने या शतकाच्या सुरुवातीला मोठी डागडुजी केली आणि २००४ मध्ये कारभार ‘कॉर्पोरेशन फॉर फिंडले मार्केट’ या संस्थेकडे दिला. फरक काय पडला? पालिकेच्या खात्यात गाळा रिकामा राहिला तर कुणाची झोप उडत नाही. संस्थेचं मात्र तेवढंच एक काम. शीतकपाट बंद पडलं, शनिवारी मांडणीवरून दोन शेतकरी भांडले, गटार तुंबलं, की फोन कुणाला करायचा हे गाळेधारकाला ठाऊक असतं. ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण फोन उचलला जातो की नाही यावर मासळीवाल्याचा दिवस अवलंबून असतो.

आता पैसा. गाळ्यांचं भाडं, भाड्याने दिलेली स्वयंपाकघरं, कार्यक्रमांचं उत्पन्न, देणग्या आणि अनुदानं. ना-नफा म्हटल्यावर आपल्याकडे लोकांना फुकट वाटप आठवतं. तसं नाही. संस्थेला शिल्लक राहू शकते, राहायलाच हवी. फक्त ती कुणाच्या खिशात लाभांश म्हणून जात नाही, बाजारातच परत घालावी लागते. आपल्या कंपनी कायद्यातल्या कलम ८ च्या कंपनीसारखंच. गाळेवाला भाडं भरतो, वेळेवर भरतो, थकलं तर त्याला चिठ्ठीही येते. मात्र हा घरमालक जास्त भाडं देणाऱ्या पहिल्या माणसाला गाळा देऊन मोकळा होत नाही. मटणाचं दुकान उठलं तर तिथे चौथं कॉफीचं दुकान नको, मटणच हवं, असं म्हणून तो थांबू शकतो. थांबण्याचा खर्च वहीत भाड्यातली तूट म्हणून दिसतो आणि तो भरून काढायलाच देणग्या लागतात.

प्रश्न : आमचा बारा जणींचा बचतगट आहे. चटण्या, लोणची, मेतकूट करतो. तिकडे एखादी बाई घरच्या ओट्यावरून थेट अशा बाजारात पोचते का? तिला कोण मदत करतं? (गटाच्या सचिव, सांगली जिल्हा)

ताई, तुमच्या पत्राला सगळ्यांत जास्त जागा देतेय, कारण या बाजाराचा खरा कस इथेच लागतो.

सुरुवात घरूनच होते. ओहायोत काही पदार्थ घरच्या स्वयंपाकघरात करून विकायला परवाना लागत नाही. पाव, बिस्किटं, जॅम, कोरडे मसाले अशांची यादीच आहे. अट अशी की ते फ्रिजबाहेर टिकणारे हवेत, आणि पुड्यावरच्या चिठ्ठीवर (लेबलवर) नाव-पत्ता, वजन, जिन्नस उतरत्या क्रमाने, ॲलर्जीचे पदार्थ आणि ‘हे घरी बनवलेलं आहे’ असं स्पष्ट छापलेलं हवं. आणि विक्री राज्याच्या हद्दीतच. म्हणजे गोडा मसाला तुम्ही घरी कांडून खुशाल विका. लोणचं मात्र त्या यादीत नाही. लोणचं, साल्सा, असे आंबट करून टिकवलेले पदार्थ म्हटले की परवानाधारक जागा लागते, पाककृती तपासून घ्यावी लागते आणि आम्लता ठरावीक पातळीला आहे हे मोजून दाखवावं लागतं. ४.६ हा त्यातला लक्ष्मणरेषेचा आकडा, पीएच त्याच्या वर जायला नको (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट). ‘आमची आजी असंच करायची’ हे तिथे चालत नाही.

मग परवान्याची जागा आणायची कुठून? स्वतःचं व्यापारी स्वयंपाकघर उभं करायचं म्हणजे धुराडी, अग्निशमन, तीन कप्प्यांचं सिंक, जमिनीत चरबी अडवणारी टाकी. बाटलीभर चटणी विकण्याआधीच माणूस कर्जात. त्यासाठी २०१६ मध्ये बाजाराला लागूनच, एल्म रस्त्यावर, ‘फिंडले किचन’ सुरू झालं. तेही ना-नफा. तिथे ओटा तासांवर भाड्याने मिळतो, आणि मी ज्यांचे हिशेब बघते त्यांतल्या काहींचा धंदा तिथूनच उभा राहिलाय.

एकीचं सांगते, नाव नको. ती पश्चिम आफ्रिकेतून आलेली, मिरचीची एक जहाल चटणी करते. भल्या पहाटेचा तास तिने घेतलेला असतो, तेव्हा ओटे रिकामे असतात. शीतगृहात प्रत्येकाचा कप्पा वेगळा, डब्यावर तारीख आणि नाव चिकटवलेलं नसेल तर डबा बाहेर. सिंकच्या पहिल्या कप्प्यात घासायचं, दुसऱ्यात विसळायचं, तिसऱ्यात जंतुनाशकात बुडवायचं आणि फडक्याने पुसायचं नाही, वाऱ्यावरच वाळवायचं. पुसण्यावरून तिला एकदा तपासनिसाने अडवलं होतं. ती माझ्याकडे तक्रार घेऊन आली, जणू मी आरोग्यखात्याची नातेवाईक! चटणी शिजली की प्रत्येक घाण्यातला नमुना मोजायचा, आकडा वहीत लिहायचा, मग बाटल्या भरायच्या. तास संपायच्या आत ओटा आरशासारखा करून द्यायचा, कारण नंतर येणाऱ्या केकवाल्याला मिरचीचा वासही चालत नाही.

आता हिशेब. हे आकडे समजण्यापुरते, माझे. बाटली नऊ डॉलरला विकली असं धरा. काच, झाकण, चिठ्ठी मिळून दीड डॉलर. जिन्नस दोन डॉलर. ओट्याचं भाडं तासाला वीस धरलं, चार तास लागले, चाळीस बाटल्या निघाल्या, तर बाटलीमागे दोन डॉलर. शनिवारच्या टेबलाचे चाळीस डॉलर आणि खपल्या वीस बाटल्या, की आणखी दोन. उरला दीड डॉलर. त्यातून विमा, कार्डयंत्राचं कमिशन, पेट्रोल, आणि पहाटे उठलेल्या बाईची मजुरी. म्हणजे मजुरी नाहीच. पण त्याच चार तासांत ऐंशी बाटल्या काढल्या तर ओट्याचा खर्च निम्म्यावर येतो. टेबलावर चाळीस खपल्या तर तोही निम्म्यावर. दीडचे साडेतीन होतात. सगळा खेळ या दोन आकड्यांचा आहे आणि बाजाराची मदत नेमकी इथे लागते : मोठं पातेलं आणि गर्दीची जागा. व्यवसायाचे वर्ग, सल्लागार, तेही असतात. त्यांना नावं ठेवत नाही, पण गिऱ्हाइकांची रांग जे शिकवते ते कुठलाच वर्ग शिकवत नाही.

शिडी साधारण अशी : घर, तासांवरचा ओटा, शनिवार-रविवारचं टेबल, मग आतला गाळा किंवा शेजारच्या रस्त्यावरचं छोटं दुकान. सगळे वर चढत नाहीत. काहींना टेबलावरच बरं वाटतं, आठवड्याची नोकरी सोडायची नसते. काही जण चार महिन्यांत कळून चुकतात की आपल्याला स्वयंपाक आवडतो, विकणं आवडत नाही. हे चार महिन्यांत आणि थोडक्या पैशांत कळणं ही या व्यवस्थेची मोठी देणगी आहे, असं माझं मत. दहा वर्षांच्या भाडेकरारावर सही करून झाल्यावर कळतं तेव्हा लोक घर गमावतात.

तुमच्या गटाने यातलं काय उचलावं? लोणच्याचा पीएच मोजायला लागा. यंत्र फार महाग नसतं आणि मोठ्या दुकानात माल ठेवायची वेळ आली की तुमच्या वहीतले आकडेच तुमची बाजू मांडतील.

प्रश्न : ‘वस्तीचं पुनरुज्जीवन’ हा शब्द ऐकला की मला भीती वाटते. गिरणगावात काय झालं ते आम्ही पाहिलंय. तुमच्या बाजाराने गरिबांना हुसकावलं नाही का? (वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी, मुंबई)

हुसकावलं गेलं, हो. बाजाराने एकट्याने नाही, पण बाजार त्यात नव्हताच असं मी म्हणणार नाही.

ओव्हर-द-ऱ्हाइनची जुनी गोष्ट आधी सांगते, नाहीतर हिशेब अर्धवट राहील. एकोणिसाव्या शतकात जर्मन स्थलांतरित कालव्यापलीकडे येऊन राहिले. १९०० च्या सुमारास या एवढ्याशा वस्तीत पंचेचाळीस हजारांच्या आसपास माणसं होती. दाटीवाटी, बिअरच्या भट्ट्या, तीन-चार मजली विटांची घरं. पहिल्या महायुद्धात जर्मन असणं अडचणीचं झालं, मग दारूबंदीने भट्ट्या बसल्या, मग मोटारी आल्या आणि ज्याला परवडलं तो उपनगरात गेला. (कालवा बुजवून त्याच्या पात्रात भुयारी रेल्वेचे बोगदे खणले. रेल्वे एकदाही धावली नाही. बोगदे अजून आहेत. पालिकेतल्या पुणेकर वाचकांना यात घरचं काही सापडेल.) १९५० च्या दशकाअखेरीस शेजारच्या वेस्ट एंडमधली एक अख्खी कृष्णवर्णीय वस्ती नगरविकासाच्या नावाखाली पाडली. पंचवीस हजारांहून जास्त माणसं उठवली. त्यांतली बरीच कुटुंबं ओव्हर-द-ऱ्हाइनमध्ये आली. २००० सालापर्यंत वस्तीची लोकसंख्या साडेसात हजारांच्या घरात उतरली होती आणि शेकडो इमारती ओस पडल्या होत्या. एप्रिल २००१ मध्ये टिमोथी थॉमस नावाच्या एकोणीस वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाला पोलिसांनी याच वस्तीत गोळी घातली आणि शहर काही दिवस पेटलं.

त्यानंतर २००३ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या पैशावर एक विकासमंडळ उभं राहिलं. त्याने लिबर्टी रस्त्याच्या दक्षिणेकडचा भाग हाती घेतला. इमारती विकत घेतल्या, दुरुस्त केल्या, महागड्या सदनिका आणि उपाहारगृहं आली. फिंडले मार्केट लिबर्टीच्या उत्तरेला. इथे बदल उशिरा आला, पण आला. २०१६ मध्ये ट्राम बाजाराच्या दारात पोचली तेव्हा आसपासच्या जागांचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

बाजार आपल्या आतलं भाडं धरून ठेवू शकतो, पण रस्त्यापलीकडच्या खोलीचं भाडं त्याच्या हातात नाही. उलट बाजार जितका चांगला चालेल तितकी ती खोली महाग होते. हा पेच संस्थेच्या सदिच्छेने सुटत नाही.

तरी आतल्या आत जे करता येतं तेही थोडं नाही. मंगळवारी सकाळी बाजारात जा. कापडी पिशवी आणि चाकांची गाडी घेऊन आलेल्या बायका दिसतील, कोंबडीच्या तंगड्या, रानभाजीसारख्या दिसणाऱ्या कोलार्डच्या जुड्या, डुकराची मान, कसली तरी हाडं सूपासाठी. मोजून घेतात, भावावर नजर ठेवून. शनिवारी दुपारी या. बाबागाड्या, कुत्रे, हातात वॅफल, गळ्यात कॅमेरा. पैसा शनिवारचा, पण बाजार म्हणावं असं जे आहे ते मंगळवारचं. शनिवारच्या गिऱ्हाइकाला पाहून गाळे वाटले तर हाडं विकणारा खाटीक पहिला जाईल. गाळेवाटपाच्या बैठकीत कोणी हे बोलतं की नाही, तिथेच सगळं ठरतं.

दुसरी गोष्ट, सरकारी शिध्याचं कार्ड. इथे त्याला स्नॅप म्हणतात, पूर्वी फूड स्टँप असायचे. त्यावर किराणा माल मिळतो, गरम तयार जेवण नाही. बाजारात ते कार्ड चालतं, आणि ‘प्रोड्यूस पर्क्स’ नावाच्या योजनेत कार्डावर जेवढ्या डॉलरचं घ्याल तेवढ्याच डॉलरची फळं-भाजी आणखी फुकट मिळते, ठरावीक मर्यादेपर्यंत. गिऱ्हाइकाला दुप्पट भाजी, शेतकऱ्याला पूर्ण भाव. माझ्या एका भाजीवाल्या अशिलाच्या वहीत ही रक्कम वेगळ्या रकान्यात येते आणि उन्हाळ्यात तो रकाना चांगला जाड असतो.

तुला तुलना हवी असेल तर सिॲटलचा पाइक प्लेस बाजार बघ. तो १९०७ चा. साठच्या दशकात तिथेही ‘जुनं पाडा, उंच बांधा’ चालू होतं. व्हिक्टर स्टाइनब्रूक नावाच्या वास्तुविशारदाने आणि त्याच्या साथीदारांनी सह्या गोळा केल्या, नोव्हेंबर १९७१ मध्ये शहराने मतदान करून बाजार वाचवला आणि १९७३ मध्ये त्यासाठी ना-नफा तत्त्वावरचं एक सार्वजनिक प्राधिकरण नेमलं. या प्राधिकरणाकडे नुसते गाळे नाहीत. वरच्या मजल्यांवर कमी उत्पन्नाच्या लोकांची, बरीचशी म्हाताऱ्यांची, घरं आहेत. दवाखाना, पाळणाघर, ज्येष्ठांचं केंद्र, धान्य वाटप, सगळं बाजाराच्या आवारात. खाली पर्यटक माशांचे फोटो काढतात आणि वर आजी कमी भाड्याच्या खोलीत राहते. रस्त्यापलीकडची खोलीही बाजाराच्याच मालकीची असेल तरच तुझ्या प्रश्नाला काही उत्तर मिळतं. सिनसिनाटीत ती तशी नव्हती.

प्रश्न : उद्या संस्थेच्या विश्वस्तांनीच जागा विकली तर? कागद काय म्हणतो? (सीएची परीक्षा देणारा वाचक, ठाणे)

हा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं. फिंडलेत जागा शहराची असल्यामुळे संस्थेला विकायला हातात काही नाही. पण वर सांगितलेल्या पाइक प्लेसमध्ये हे जवळजवळ झालंच होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दुरुस्तीसाठी पैसा हवा होता. प्राधिकरण करमुक्त, म्हणजे इमारतींच्या घसाऱ्याचा (इमारत जुनी होत जाते म्हणून दर वर्षी हिशेबात धरलेली किमतीतली घट) त्याला काही उपयोग नाही. न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदारांना मात्र घसारा करात वजा करायला सोन्यासारखा. मग काही इमारतींची मालकी कागदोपत्री त्यांना विकायची, ताबा आणि कारभार आपल्याकडे ठेवायचा, त्या बदल्यात रोख मिळवायची, असा करार झाला. छान डोकं चालवलं होतं. १९८६ मध्ये अमेरिकेने करकायदा बदलला, घसाऱ्याची गंमत संपली आणि गुंतवणूकदारांना अचानक आठवलं की आपण मालक आहोत! कोर्टकचेऱ्या झाल्या, १९९१ मध्ये तडजोड होऊन बाजार पुन्हा प्राधिकरणाकडे आला. तू पुढे सही करायला बसशील तेव्हा हे प्रकरण लक्षात ठेव. कराच्या सवलतीवर उभा केलेला व्यवहार सवलत गेल्यावर कसा दिसेल, हा रकाना आधी मांडायचा.

प्रश्न : साखळी दुकानं येतात का? आणि गाळा बापाकडून मुलाकडे जातो का? (फळविक्रेत्याचा मुलगा, नागपूर)

फिंडलेत पिढ्यान्‌पिढ्यांचे खाटीक आहेत, तेव्हा जातो म्हणायला हरकत नाही, पण करार संस्थेशी नव्याने होतो. पाइक प्लेसला साखळी दुकानांना मनाई आहे. ज्यांची सुरुवातच तिथे झाली ते सुटले, म्हणून स्टारबक्स आत आहे. तिथल्या रोजच्या टेबलांची पद्धत मला आवडते : सकाळी हजेरी होते, ज्येष्ठतेप्रमाणे नाव पुकारलं जातं आणि ज्याचं नाव आधी तो जागा आधी निवडतो. वेळेवर नाही आलात तर ज्येष्ठता घरी ठेवा. मात्र हेही सांगते की तिथली बहुतेक शेतकरी टेबलं एके काळी जपानी वंशाच्या कुटुंबांची होती. १९४२ मध्ये त्यांना छावण्यांत डांबलं आणि ती टेबलं रिकामी झाली. त्या वेळी हजेरी आणि ज्येष्ठता काही कामाला आली नाही.

प्रश्न : सगळं गोड गोड लिहिता. असा बाजार बुडत नाही का कधी? (एक त्रासिक वाचक, कोल्हापूर)

बुडतो की. सॅन फ्रान्सिस्कोत ‘ला कोसिना’ नावाची संस्था आहे, २००५ पासूनची. स्थलांतरित बायकांना स्वयंपाकघर आणि धंद्याचं शिक्षण देणारी, या क्षेत्रात तिचं नाव आदराने घेतात. तिने २०२१ मध्ये टेंडरलॉइन या खडतर वस्तीत, जुन्या टपाल कार्यालयात, बायकांच्या खाद्यगाळ्यांचा बाजार उघडला. २०२३ मध्ये तो ग्राहकांसाठी बंद केला. बायका नवख्या नव्हत्या, चव वाईट नव्हती. पण दुपारचं गिऱ्हाईक आसपासच्या कचेऱ्यांमधून यायचं होतं आणि कोविडच्या साथीनंतर माणसं घरून काम करायला लागली. जेवणाचे गाळे दुपारच्या गर्दीवर जगतात, आणि ती आणणं संस्थेच्या हातात नसतं.

मिनिअॅपोलिसचा मिडटाउन ग्लोबल मार्केट त्या मानाने टिकला. १९२८ ची, सिअर्स या दुकानसाखळीची प्रचंड इमारत, १९९४ मध्ये दुकान बंद पडलं, वर्षानुवर्षं ओस. २००६ मध्ये तळमजल्यावर बाजार आला, पण त्याच इमारतीत एका मोठ्या आरोग्यसंस्थेची मुख्य कचेरी आणि राहती घरंही आली. शिवाय मागे ‘नेबरहुड डेव्हलपमेंट सेंटर’सारखी संस्था, जी १९९३ पासून छोट्या लोकांना धंदा शिकवत आणि कर्ज देत होती. म्हणजे विक्रेते आधी तयार झाले, गाळे मागून आले. आपल्याकडे उलटं होतं. आधी मार्केटची इमारत, मग उद्घाटन, मग गाळे घेणार कोण याचा शोध.

प्रश्न : आपल्याकडे हे शक्य नाही, असं वाटतं. तुमचं मत? (सातारा)

गावच्या माणसाला थोडक्यात सांगते. फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा आहे, त्यात नगर पथविक्रेता समितीवर किमान ४० टक्के प्रतिनिधी खुद्द विक्रेत्यांचे असावे लागतात. फिंडलेच्या संस्थेला असा कायदा बांधत नाही. तुमच्या गावात ती समिती बसली आहे का, तिचं शेवटचं इतिवृत्त कधीचं आहे, हे नगरपालिकेत जाऊन विचारा. आणि पुण्याची मंडई विसरू नका. महात्मा फुले नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी तिच्यावरच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर लावा म्हणाले होते. आता तिला त्यांचंच नाव आहे. बाजारावर खर्च करावा का, किती, कुणासाठी, हा वाद आपल्याकडे अमेरिकेतून यायची गरज नाही.

प्रश्न : मुलाकडे सिनसिनाटीला येतोय. आम्ही दोघं शाकाहारी. बाजारात आमच्यासाठी काय आहे? (नाशिक)

सोमवारी जाऊ नका, बंद असतो. बाहेर शेतकऱ्यांची टेबलं शनिवार-रविवारी, वसंत ते पानगळ. ट्राम फुकट आहे, थांबा बाजाराजवळच. मार्चअखेरीस आलात तर बेसबॉलच्या पहिल्या दिवसाची मिरवणूक बघा, बाजारातले दुकानदार १९२० पासून काढतात. गेटा नावाचा खास इथला पदार्थ कोणी प्रेमाने पुढे करेल. दिसायला ओट्सची कुरकुरीत वडी, पण आत डुकराचं मांस असतं. नम्रपणे नाही म्हणा. मसाल्याच्या दुकानात जिरं, धणे, तीळ सगळं सुटं मिळेल. दगडफूल मला कधी मिळालं नाही, सुनेसाठी घेऊन या.

आणि मुक्काम सप्टेंबरपर्यंत लांबला तर शेतकऱ्यांच्या टेबलांवर पॉपॉ शोधा. ओहायोचं रानटी फळ, सीताफळाच्या कुळातलं, आत तसाच मऊ पिवळसर गर आणि मोठ्या बिया. दोन-तीन दिवसांत काळं पडतं म्हणून मोठ्या दुकानात दिसत नाही. सकाळी लवकर जा, थोडंच येतं. आणि दाबून बघू नका, विक्रेते ओरडतात.